रविवारी राबतं कोण?

ख्रिस्ती म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे केक, वाइन आणि नाच येतो. सिल्वासात तर जरा जास्तच. गुजरात राज्य 1960 मध्ये झालं तेव्हापासून तिथे दारूबंदी, आणि आमच्या दादरा-नगर हवेलीची हद्द लागली की दुकानं उघडी. शनिवारी दुपारनंतर वापीकडून गाड्यांची जी रीघ लागते ती रविवारी रात्री उतरते. ओळखीपाळखीचे लोक मग मला हमखास म्हणतात, "रविवार म्हणजे तुमचा सण, तुमची मजाच असेल!" मजा असते, नक्की असते. पण ती बाटलीतून येत नाही. आणि या गावात रविवारच्या नावावर जे चाललंय, ते पाहून मला संताप येतो.

दहा आज्ञा आम्हाला लहानपणीच पाठ करायला लावतात. त्यातली विश्रांतीच्या दिवसाची आज्ञा बहुतेकांच्या लक्षात राहते ती एवढीच, की मिस्सा, म्हणजे चर्चमधली रविवारची उपासना, चुकवायची नाही. बायबलात अनुवाद नावाचं पुस्तक आहे, त्याच्या पाचव्या अध्यायात ती आज्ञा सबंध वाचावी. सुट्टी नुसती घरधन्याला दिलेली नाही. मुलगा, मुलगी, दास, दासी, बैल, गाढव, एवढंच काय, वेशीच्या आत राहणाऱ्या परक्या माणसालाही दिली आहे. कारणही तिथेच सांगितलंय. तुम्ही मिसर देशात गुलामी भोगलीत, ती आठवा. ज्यांच्या पाठीवर कधी चाबूक पडला, त्यांनी दुसऱ्याची पाठ टेकू द्यायची. बैलाचं नाव त्या यादीत का, हे मराठी माणसाला समजावून सांगायला नको. पोळ्याला आपण जू चढवत नाही, खांदेमळणी करतो, पुरणपोळीचा घास आधी बैलाच्या तोंडात जातो.

बैलाचं आपल्याला कळलं. परक्याचं कळलेलं नाही.

सिल्वासाएवढे परके एका वेशीच्या आत क्वचितच राहत असतील. करसवलती मिळाल्या तशा इथे आमळी, पिपरिया, मसाट, राखोलीला कारखान्यांवर कारखाने उभे राहिले. पॉलिस्टरच्या धाग्याचे तर विचारूच नका. बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा, आपला खानदेश, सगळीकडून पोरं आली. धाग्याचं मशीन चोवीस तास फिरतं. थांबलं की हीटर गार होतो, धागा तुटतो, पुन्हा ओढून सुरू करायला वेळ जातो, माल वाया जातो. म्हणून मशीन थांबत नाही आणि मशीनपाशी उभा असलेला माणूसही थांबत नाही. बारा तासांची पाळी ही इथे बातमी राहिलेली नाही. चाळीतल्या एका खोलीत दिवसपाळीवाले आणि रातपाळीवाले आळीपाळीने झोपतात, अंथरूण गार व्हायलाही उसंत नसते.

रविवारी सकाळच्या मिस्सेला निघालं की रस्त्यात हीच पोरं भेटतात, रातपाळी सुटून परतणारी. कपड्यांना धाग्याच्या कोनिंग ऑइलचा वास, भुवयांवर बारीक पांढरे तंतू, सायकलच्या हँडलला रिकामा डबा. एकदा टपरीवर चहा घेणाऱ्या एका धुळ्याकडच्या पोराला विचारलं, आज सुट्टी का? तो म्हणाला, "ताई, जोडीदार गावाला गेलाय, त्याची पाळी पण मीच ओढतो." आणि चहा संपवून परत गेटकडे वळला. त्या सकाळी प्रवचन कशावर होतं ते मला आठवत नाही. त्याचे लाल डोळे आठवतात.

आपल्या देशाने 1948 सालीच कारखाना कायद्यात लिहून ठेवलं, की आठवड्याचा पहिला दिवस, म्हणजे रविवार, कामगाराला सुट्टीचा. तो देता आला नाही तर मागच्या-पुढच्या तीन दिवसांत बदली सुट्टी द्या, आणि कसंही करून पूर्ण सुट्टीशिवाय सलग दहा दिवसांपेक्षा जास्त राबवू नका. कायदा करणारे काही पाद्री नव्हते. पण अनुवादाच्या पाचव्या अध्यायाला ते आमच्यापेक्षा जवळ होते.

आणि त्यांच्याही आधी नारायण मेघाजी लोखंडे होते. जोतीराव फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक, 'दीनबंधू'चे संपादक. मुंबईच्या गिरण्यांत सातही दिवस भोंगा वाजायचा. साहेब रविवारी चर्चला जायचा, कामगाराला मात्र रविवार नाही. लोखंड्यांनी मागणी केली ती साहेबाच्या सणाची म्हणून केली नाही. रविवार खंडोबाचा वार, आमच्या देवाचा दिवस, आमच्या संसाराचा दिवस, असं ते म्हणाले. 1890 च्या एप्रिलमध्ये मुंबईत हजारो कामगारांची सभा भरली, तिथे दोन कामगार बायकाही उभ्या राहून बोलल्या. 10 जून 1890 पासून गिरणी कामगाराला रविवारची सुट्टी मिळाली. आज आपण रविवारी उशिरा उठतो, मटण आणतो, दुपारी ताणून देतो, त्यामागे त्या सभेतल्या बायका आहेत. मिस्सेच्या प्रार्थनांमध्ये अनेकांची नावं घेतली जातात. लोखंड्यांचं नाव एखाद्या रविवारी घेतलं तर देव नक्की ऐकेल.

आता सुट्टी ज्यांना मिळते त्यांच्याकडे वळू. रविवारी लोक दुधनीला जातात, मधुबन धरणाच्या पाण्यात नावेतून फिरतात. सुंदरच आहे ते, डोंगर, पाणी, हिरवळ. मीही मुलांना घेऊन जाते. पण त्या पाण्याखाली आदिवासींची शेतं आणि घरं गेली, हे मुलांना सांगितल्याशिवाय मी त्यांना नावेत बसवत नाही. संध्याकाळी एखाद्या रिसॉर्टवर वारल्यांचा तारपा वाजतो. भाताचं पीक घरात आलं की गावासाठी वाजणारा, पिकाचे आभार मानणारा तारपा. मधोमध तारपावाला, भोवती हातात हात गुंफलेली माणसं, पाठ कुणीही त्याच्याकडे करायची नाही. रिसॉर्टमध्ये प्रेक्षक त्याच्याकडे पाठ करून फोटो काढतात, ग्लास उंचावून. वारल्यांच्या करमणुकीत प्रेक्षक नावाचा माणूसच नव्हता. जो आला तो नाचला.

ख्रिस्ती घरांतही वेगळं काय घडतं? चाळीस दिवस उपवासकाळ पाळायचा, मटण वर्ज्य करायचं, आणि रविवारी मिस्सेहून आल्यावर भांडीवाल्या बाईला उशीर झाला म्हणून बोलायचं. ती सातही दिवस येते. तिच्या घरी रविवार कधी उगवतो? आमच्या घरी रविवारची भांडी आम्ही घासतो. त्यात त्याग वगैरे नाही, दोन ताटं आणि एक कुकर असतो. साधी राहणी म्हणजे खादी नेसून फोटो काढणं असा एक समज हल्ली पसरलाय. मला ती भांड्यांच्या मोरीपाशी दिसते. आपल्या घरातलं ओझं किती जणांच्या पाठीवर आहे, ते मोजायचं आणि उतरवता येईल तेवढं उतरवायचं.

लग्नांचं तर बोलायलाच नको. आमचे पूर्वज वसईचे, तिथली मांडवाखालची गाणी माझ्या आजीच्या तोंडी होती. शेजारपाजारच्या बायका जमून गायच्या, पैसा लागायचा नाही. आता हॉल, डीजे, आणि कर्जाचा हप्ता. वाढपी पोरं मध्यरात्रीनंतर भिंतीला टेकून उरलेला भात खातात. पैशाशिवायही घर भरतं, हे दाखवणारे रेव्हरंड नारायण वामन टिळक आमच्याच मराठी ख्रिस्ती परंपरेतले. मिशनची नोकरी 1917 मध्ये सोडून साताऱ्याला जाऊन त्यांनी देवाचा दरबार मांडला. जवळ पैसा नव्हता, कीर्तन होतं, कविता होती. नगरच्या त्यांच्या घरात बालकवी ठोंबऱ्यांसारखा पोर राहून गेला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' वाचताना त्या घरातल्या ओढाताणीचा राग येतो, आणि तरी असं वाटतं की किती भरलेलं घर होतं ते! आज आपल्या घरी रविवारी संध्याकाळी कोण येऊन बसतं?

सिल्वासाकडे गाण्याचा वारसा कमी नाही, हे इथल्या नव्या लोकांना ठाऊक नसतं. 2 ऑगस्ट 1954 ला हे गाव पोर्तुगिजांच्या हातून सुटलं. लढणाऱ्यांत सुधीर फडके होते. शस्त्रांसाठी पैसा उभा करायला पुण्यात हिराबागेवर लता मंगेशकरांच्या गाण्याचा कार्यक्रम ठेवला होता. लोकांनी एक संध्याकाळ गाणं ऐकलं आणि त्या पैशातून एक गाव मोकळं व्हायला हातभार लागला. त्यानंतर सात वर्षं, 1961 मध्ये भारतात सामील होईपर्यंत, या मुलखाने स्वतःचा कारभार स्वतः पाहिला. अशा गावाची रविवारची ओळख दारूच्या दुकानापुढच्या गर्दीने व्हावी, हे मला मान्य नाही.

आदिवासी संग्रहालयासमोर आमचं जुनं पोर्तुगीज चर्च आहे, दुःखी माउलीच्या नावाचं. मेलेला मुलगा मांडीवर घेऊन बसलेली ती आई बघायला पाहुणे येतात, फोटो काढतात. या महिन्यात मी पॅरिश कौन्सिलपुढे दोन गोष्टी मांडणार आहे. पहिली, रातपाळी आणि दिवसपाळी दोन्हींना जमतील अशा वेळांना मिस्सा, मग एखादी रात्री साडेआठला का होईना. दुसरी, रविवारी आपल्यापैकी कुणाचाही समारंभ असला तर आचारी आणि वाढपी रात्री दहाला मोकळे, जेवून, आणि सोमवारी त्यांना भरपगारी सुट्टी. पैसे यजमानाने द्यायचे. डीजे रद्द केला तर सहज भागतं.