फ्लेक्सवरची बाई

पुणे-नाशिक रस्त्याने मंचर सोडून नारायणगावकडे निघालं की एक बाई आपल्याला सोबत करते. कळंबच्या आसपास ती साडीच्या दुकानाच्या फ्लेक्सवर असते, पुढे सराफाच्या पेढीवर, आणि नारायणगावात शिरता शिरता मंगल कार्यालयाच्या कमानीवर. बाई तीच. फ्लेक्सवाल्याने इंटरनेटवरून उतरवून घेतलेली. पदर असा उडालेला की शेजारी नक्की कुणीतरी पंखा धरून उभं असणार. कंबर एवढी की बाजूचा विजेचा खांब सुखवस्तू वाटतो. आमच्याकडे गावात नवी बाई दिसली की "कुणाची गं तू? माहेर कुठलं?" हे विचारल्याशिवाय कुणी पुढे सरकत नाही. हिचं माहेर मात्र आजवर कुणी विचारलेलं नाही. ती कुठल्याच गावची नाही हे सगळ्यांना न विचारताच कळतं.

तरीही लग्नसराईत पोरी दुकानात शिरतात, मोबाईलवर त्या फ्लेक्सचा फोटो दाखवतात आणि म्हणतात, "हीच पाहिजे." साडी मिळते. साडीबरोबर कंबर येत नाही हे घरी आरशासमोर कळतं. मग राग साडीवर निघत नाही, दुकानदारावर तर नाहीच. तो स्वतःवर निघतो.

दुकानाच्या काचेआडचा पुतळा पाठीमागून बघायची मला खोड आहे. समोरून ब्लाऊज कसं अंगाला चपखल! मागे जाऊन पाहावं तर पाठीवर कापडाची मूठभर चुणी गोळा केलेली आणि तिला कपडे वाळत घालायचे चिमटे लावलेले, त्यातला एक गुलाबी. निऱ्यांच्या पोटात सेफ्टी पिनांची रांग. छत्तीसचं ब्लाऊज जसंच्या तसं बसेल अशी बाई कारखान्यात प्लॅस्टिकचीही निघालेली नाही. फरक एवढाच, की बाईला ब्लाऊज बसलं नाही तर दोष बाईचा. पुतळ्याला बसलं नाही तर चिमटा.

साडीच्या जाहिरातीतला सगळ्यात प्रामाणिक मॉडेल मी पाहिला तो बस्त्याच्या गादीवर. बस्ता म्हणजे आमच्याकडे अर्धं लग्नच. दोन्हीकडची माणसं टेम्पो करून येतात, पांढऱ्या गादीवर विहीणबाई मधोमध बसतात, आत्या-मावश्या कडेने, पुरुष मंडळी दाराशी चहा पीत. आहेराच्या साड्या ढिगाने निवडून होतात आणि मग शालूची पाळी येते. तेव्हा दुकानातला पोरगा उठून उभा राहतो, पाच बोटांत झरझर निऱ्या घालतो, त्या पॅन्टच्या पट्ट्यात खोचतो आणि पदर स्वतःच्याच खांद्यावर टाकतो. दाढी दोन दिवसांची, खिशाला बॉलपेन, पोट जरा सुटलेलं. सगळी गादी मान कलती करून बघते आणि कुणीतरी हळूच म्हणतं, "पोरीला खुलून दिसंल." आजवर कुणी "याच्या अंगावर उठून दिसत नाही, दुसरा पोरगा उभा करा" असं म्हटल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

याचं कारण मला असं वाटतं, की तो पोरगा जागा रिकामी ठेवतो. त्याच्या जागी आपण आपली पोरगी बघू शकतो. काळी, गोरी, लठ्ठ, किडकिडीत, जशी असेल तशी. फ्लेक्सवरच्या बाईने ती जागा आधीच अडवलेली असते. तिथे आपली पोरगी उभी करायची तर आधी हिला हलवावं लागतं, आणि ती काही हलत नाही.

रस्त्याकाठी बाईची प्रतिमा लावण्याची चाल आमच्या तालुक्याला नवी नाही म्हणा. जुन्नरच्या पश्चिमेला नाणेघाट आहे. दोन हजार वर्षांपूर्वी कोकणातल्या बंदरांचा माल याच वाटेने वर चढायचा, म्हणजे त्या काळचा हायवेच. घाटमाथ्यावरच्या लेण्यात सातवाहनांनी आपल्या घराण्यातल्या माणसांच्या प्रतिमा कोरल्या आणि प्रत्येकीच्या वर नाव घातलं. त्यात देवी नायनिका, म्हणजे राणी नागनिका, आणि श्री सातकर्णी हेही होते. आज वरची नावं आहेत, प्रतिमा मात्र गेल्या. उरली ती पावलं. बाजूच्या भिंतींवर राणीचा ब्राह्मी लेख आहे. त्यात अश्वमेध आहे, राजसूय आहे, दक्षिणा म्हणून दिलेल्या गाई, हत्ती, घोडे आणि कार्षापणं यांचा बारीक हिशेब आहे. हायवेवर स्वतःबद्दल काय लिहायचं हे त्या बाईने ठरवलं तेव्हा तिला ते लिहावंसं वाटलं. कंबरेचा आकडा घालायला भिंतीवर जागा नव्हती असं नाही.

बांध्याचं म्हणाल तर पुणे जिल्ह्यात कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या दाराशी दगडातली जोडपी उभी आहेत. त्यांतल्या बायका अशा ऐसपैस आहेत की आजचा फ्लेक्सवाला प्रत्येकीला आधी दोन्ही बाजूंनी कापून घेईल. त्याच कार्ल्याजवळ मळवलीला पुढे राजा रविवर्म्याचा छापखाना आला. १८९४ साली मुंबईत सुरू झालेला हा छापखाना मग तिकडे हलला आणि तिथून लक्ष्मी-सरस्वती घरोघरी गेल्या. भरले दंड, भरला चेहरा, शांत बसण्याइतकं वजन. कापडाच्या ठाणांवर गिरण्या रंगीत चित्रं चिकटवत, त्यांवरही असल्याच देव्या आणि असल्याच बायका. नंतर दीनानाथ दलाल आले, रघुवीर मुळगावकर आले. दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांवर आणि कॅलेंडरांवर त्यांनी रंगवलेली बाईही आपल्या घरात कुणाला सापडली नसेल. खोटी बाई काही आजची नाही. पण ती आधीची खोटी बाई निदान पोटभर जेवलेली होती.

हिचं जेवण कधी बंद झालं ते साधारण सांगता येईल. २००८ साली 'टशन' सिनेमासाठी करीना कपूर बारीक झाली आणि 'साईज झिरो' हा शब्द वर्तमानपत्रांत रोज येऊ लागला. आमच्याकडे तोपर्यंत बारीक होणं ही तक्रार होती. सासरहून पोरगी आली की आजी दंड चाचपून बघायची आणि "वाळली गं बाई, खायला घालत नाहीत का?" म्हणून व्याह्यांचा उद्धार व्हायचा. आता तीच आजी "कशी बारीक झालीस, काय करतेस?" असं कौतुकाने विचारते, आणि विचारता विचारता स्वतःच्या पोटावरचा पदर सारखा करते.

जाहिरातीने फार खोटं बोलू नये यावर एक जुना तोडगा नारायणगावात आहे. हे तमाशाचं गाव. गुढीपाडव्याच्या सुमाराला इथे फडांच्या राहुट्या पडतात आणि गावोगावची यात्रा कमिटीची माणसं सुपारी द्यायला येतात. राहुटीच्या फलकावर कलावंतिणींचे फोटो असतात, त्यांनाही थोडा रंगसफेदा होतोच. पण यात्रेच्या रात्री तीच बाई बोर्डावर उभी राहणार असते. फलकावर एक आणि बोर्डावर दुसरीच निघाली तर गावकरी कनात उचलतील. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर (१९३५-२००२) याच मातीतल्या. दिवस भरलेले असताना त्या बोर्डावर नाचल्या, मागे जाऊन बाळंत झाल्या आणि पुन्हा नाचायला आल्या, ही गोष्ट महाराष्ट्रात कुणाला सांगावी लागत नाही. राष्ट्रपती पदक मिळालेल्या त्या बाईला लोकांनी तिच्या आवाजासाठी, अदेसाठी आणि रात्रभर टिकणाऱ्या दमासाठी पैसे मोजले. मला ती गोष्ट ऐकताना अभिमानापेक्षा त्या रात्री खेळ थांबवला का नाही याचा राग जास्त येतो, पण तो विषय वेगळा.

गंमत अशी की बाईच्या अंगाशी कधीच भांडण नसलेलं एक कापड आपल्याकडे होतं. नऊवारी. माप नाही, टेप नाही. बाळंतीण नेसायची, बाळ मोठं झाल्यावर तीच नेसायची, म्हातारपणी तिचीच गोधडी व्हायची. आंबेगावच्या पश्चिमेला, डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला, भाताच्या आवणीत अजून कासोटा घालून चिखलात उभ्या राहणाऱ्या म्हाताऱ्या दिसतात. त्यांना कुणी साईज विचारला तर त्या शेताचा सांगतील. आता मात्र शिवजयंतीला शिवनेरी चढणाऱ्या पोरींसाठी शिवलेली नऊवारी मिळते. पॅन्टमध्ये पाय घालावा तशी पाय घालून चढवायची. सोय आहे, नाही म्हणत नाही. पण तिला मीडियम, लार्ज, एक्सएल आहे. नऊ वार कापडातही एखादी पोरगी मावत नाही ही करामत आपल्या पिढीने करून दाखवली.

हे मीडियम-लार्ज तरी कुणाच्या अंगावरून ठरलं? आपल्याकडच्या तयार कपड्यांची मापं बरीचशी परदेशी तक्त्यांवरून आलेली. म्हणून 'निफ्ट' या सरकारी फॅशन संस्थेने भारतीय मापांचा तक्ता करायला घेतला. मुंबई, शिलाँग धरून सहा शहरांतल्या १५ ते ६५ वयाच्या पंचवीस हजार माणसांना यंत्रापुढे उभं करून मोजायचं, असा बेत. काम मोलाचं आहे. पण यंत्र शहरापुरतंच. आमच्याकडचा तक्ता टेलरमामांच्या वहीत आहे, आजूबाजूच्या गावांतल्या तीन-तीन पिढ्यांच्या बायका तीत नोंदलेल्या. मामा छाती-कंबरेचा आकडा मोठ्याने उच्चारत नाहीत, नुसता लिहितात. कापडाचा आकडा मात्र पोऱ्याला ओरडून सांगतात. टोमॅटोच्या हंगामात वीस-वीस किलोची कॅरेटं उचलणाऱ्या बायकांचे दंड त्यांना पाठ आहेत. "मावशी, दंडात ढिलं ठेवतो. आत दोन बोटं कापड ठेवलंय, लागलं तर उसवून घ्या." अंग बदलणार हे गृहीत धरून कापड ठेवणारा हा माणूस. फॅशनच्या सगळ्या धंद्यात मला एवढा समजूतदार दुसरा कुणी दिसलेला नाही.

परदेशात खोट्या फोटोंवर कायदे झाले. फ्रान्समध्ये २०१७ पासून जाहिरातीतल्या मॉडेलचं अंग संगणकावर बारीक किंवा जाड केलं असेल तर 'फोटो दुरुस्त केलेला आहे' असं छापावं लागतं. हा कायदा आपल्याकडे आला तर साडीच्या दुकानाआधी वाढदिवसाच्या शुभेच्छांचे फ्लेक्स अडचणीत येतील. त्यावरचे भाऊ, दादा, आबा प्रत्यक्षात जेवढे रापलेले, तेवढे फ्लेक्सवर गोरे. नंतर खाली उभे राहून फोटो काढतात तेव्हा ओळख पटवायला नाव वाचावं लागतं. डव्हवाल्यांनी २००४ पासून 'खऱ्या बायका' जाहिरातीत आणल्या, त्याचं जगभर कौतुक झालं. त्याच युनिलिव्हर घराण्याची क्रीम इकडे 'फेअर अँड लव्हली' या नावाने २०२० पर्यंत विकली जात होती. खरी बाई एका देशात आणि गोरी बाई दुसऱ्यात, असं दोन्ही दुकानांचं छान चाललं होतं.

हसण्यावारी नेता येत नाही ती जागा एकच, लग्नाचा बायोडेटा. 'रंग: निमगोरा. बांधा: सडपातळ.' फोटोवर स्टुडिओत हात फिरवलेला. सध्या आमच्याकडे शेतकऱ्यांच्या पोरांना मुली मिळत नाहीत म्हणून आयाबाया देवाला साकडं घालतायत, तरी अपेक्षांच्या रकान्यात सडपातळ आहेच. सुपारी फुटल्यापासून हळदीपर्यंत रात्रीची भाकरी सोडलेल्या पोरी मी पाहिल्या आहेत, आणि त्यांना कौतुकाने लिंबूपाणी करून देणाऱ्या आयाही. अक्षता पडेपर्यंत पोरगी उभी राहिली म्हणजे मिळवलं.

बदल मात्र आला, आणि तो कायद्याने आला नाही, की मोठ्या कंपनीच्या उपदेशाने नाही. तो काटकसरीने आला. छोट्या दुकानदारांना मॉडेल परवडत नाही, म्हणून त्यांनी मोबाईल स्टँडला लावला आणि घरातल्याच वहिनीला कॅमेऱ्यासमोर उभं केलं. वहिनी चाळिशीच्या, पोट आहे, चष्मा आहे, हातावर पोळीचा जुना चटका आहे. "ताई, याच्यात पाच रंग आहेत, पदर बघा, ब्लाऊज पीस आतमध्येच आहे," असं म्हणत वहिनी साडी खांद्यावर टाकतात, मध्येच आतल्या पोराला दटावतात, आणि गावोगावच्या बायका साडी मागवायला पटापट नंबर टाकतात. फ्लेक्सवरच्या बाईकडे बघून कुणी असा नंबर टाकल्याचं ऐकलं नाही.

तेव्हा नारायणगाव-मंचरच्या दुकानदार भावांनो, येत्या लग्नसराईत ती बिनगावची बाई उतरवा आणि या वहिनींना फ्लेक्सवर चढवा. फोटो लावण्याआधी त्यांना विचारा, पोट संगणकावर कापू नका, मानधन आधी ठरवा. आणि फोटो काढून झाल्यावर अंगावरची साडी परत मागू नका.