गाशा गुंडाळणारे काका

पावसाळ्यातल्या शनिवारी आमच्या कर्जतला दोन प्रकारची माणसं येतात. पहिली लोकलने येतात, धबधब्यात भिजतात, ओल्या कपड्यांनिशी वडापाव खातात आणि त्याच कपड्यांनिशी परतीची लोकल पकडतात. सीएसएमटीपर्यंतच्या शंभर किलोमीटरांत ते कपडे अंगावरच वाळतात. या माणसांना कपड्यांचा प्रश्न पडत नाही. दुसऱ्या प्रकारची माणसं स्वतःच्या व्हॅनमध्ये संसार मांडून येतात. त्यांना कपड्यांखेरीज दुसरा प्रश्नच पडत नाही.

या दुसऱ्या जातीचा अस्सल नमुना म्हणजे आमचे गुंडाळीकाका. नाव आईने ठेवलेलं. काका डोंबिवलीचे, वय बासष्ट, बँकेतून निवृत्त. निवृत्तीनंतर माणसं ज्येष्ठ नागरिक संघात जातात नाहीतर सोसायटीच्या कमिटीत. काकांनी मारुती ईको घेतली, आत प्लायवूडचा पलंग ठेवला आणि पलंगाखाली सहा खण केले. पलंग ‘बसवला’ म्हटलेलं त्यांना चालत नाही, ‘ठेवला’च म्हणायचं. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 त्यांना तोंडपाठ आहे. नोंदणी झालेल्या गाडीच्या रचनेत मनमानी बदल करता येत नाही. म्हणून पलंगाला एकही स्क्रू नाही. “हा बदल नव्हे, हे सामान आहे,” असं ते न विचारताच सांगतात. राज्य सरकारने 2021 साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण जाहीर केलं, त्याचं कात्रण प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून पुढच्या खणात ठेवलेलं असतं. हवालदार असो की भाजीवाली, ते सर्वांना दाखवलं जातं.

गाडी बाहेरून बारा फूट लांब आणि पाच फुटांना थोडी कमी रुंद. त्यात पुढच्या दोन सीटा, त्यांच्याखाली इंजिन. संसाराला उरते ती जागा चाळीतल्या मोरीएवढी. उंची अशी की आत उभं राहता येत नाही. त्यामुळे पँट आडवं होऊनच चढवावी लागते. पहाटे गाडी एकाच जागी गदागदा हलू लागली की समजावं, काका फिरायला निघालेत.

दोन वर्षांपूर्वी जुलैत ते पहिल्यांदा कर्जतच्या दहिवलीत आमच्या दारात उभे राहिले. “अंगणात रात्रभर गाडी लावली तर चालेल का? आमचं आम्ही सगळं आणलंय. तुम्हाला कसलाही त्रास नाही.” ‘सगळं आणलंय’ हे शब्द त्यांनी असे उच्चारले, की आम्हाला आमच्याच घरात काहीतरी कमी असल्यासारखं वाटलं. आईने मान हलवली. पाऊण तासाने काका पुन्हा दारात. “एक दोरी मिळेल का?”

त्या संध्याकाळी त्यांनी आम्हाला गाडी दाखवली. गाडी म्हणजे खरंतर कपडे. प्रत्येक खणात चेन लावलेल्या पिशव्या आणि प्रत्येक पिशवीचा रंग वेगळा. निळीत दिवसाचे कपडे, करडीत रात्रीचे, पिवळीत पावसाचे, हिरवीत थंडीचे. एक लाल पिशवी होती, तिच्यावर जाड अक्षरांत ‘आणीबाणी’. हे सगळं बँकेच्या जुन्या डायरीत नोंदलेलं. मी एक पान वाचलं. ‘खण 2, डावीकडून तिसरी, हाफ पँट, खाकी, इलॅस्टिक सैल.’ खातेदाराची एवढी बारीक नोंद त्यांच्या शाखेत तरी होत असेल का, याची मला शंका आहे.

मग प्रात्यक्षिक. काकांनी पलंगावर टी-शर्ट पालथा पसरला. खालची कड चार बोटं बाहेरच्या बाजूला उलटवली. दोन्ही बाजू मधोमध आणून बाह्या पाठीवर टाकल्या. मग गळ्याकडून घट्ट गुंडाळत खाली आले आणि उलटवलेली कड मोजा घालावा तशी गुंडाळीवर चढवली. हातात राहिली काकडीएवढी सुरळी. काकांनी ती भिंतीवर आपटून दाखवली, सुटली नाही.

“हे अमेरिकन लष्कराचं तंत्र आहे,” ते म्हणाले.

आई ओटीवर तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “भाऊ, आमच्यात याला वळकटी म्हणतात. माझे सासरे खोपोलीच्या वीजघरात कामाला होते. सोमवारी पहाटे अशीच गुंडाळी काखेत मारून निघायचे. आत दोन सदरे, एक पंचा आणि भाकरी. लष्कर नव्हतं बरोबर.”

खोपोलीचं वीजघर 1915 साली सुरू झालेलं, म्हणजे तंत्र जुनंच म्हणायचं. पण काका हरले नाहीत. त्यांनी डायरी काढून ‘वळकटी = रोल’ असं टिपून घेतलं. तेव्हापासून आमच्या घरी ते गुंडाळीकाका.

या व्यवस्थेत दोष एकच होता. हवी ती वस्तू नेमकी कुठे आहे हे काकांना ठाऊक असायचं, पण तिथवर पोचता यायचं नाही. मोजे खण पाचमध्ये. खण पाच उघडायला पलंगाची फळी उचलायची. फळीवर गादी, गादीवर शेगडी, शेगडीवर चहा आणि चहासमोर काकू. म्हणून आधी काकूंनी कप घेऊन छत्रीत उभं राहायचं, मग शेगडी खाली, गादी उभी, फळी वर. मोजे निघाले की हे सगळं उलट्या क्रमाने. तोवर चहा गार आणि पावसाचं पाणी आत गेल्याने मोजे ओले.

कर्जतहून पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना घाट चढायला मागून जादा इंजिनं लावतात, त्यांना बँकर म्हणतात. पुढच्या इंजिनाकडे सगळे बघतात आणि रेटा मागून बसत असतो. काका बँकेत होते खरे, पण या गाडीतल्या बँकर काकू.

काकूंचं सामान एका कापडी पिशवीत. तीन सिंथेटिक पंजाबी ड्रेस, एक गाऊन, एक शाल. एक अंगावर, एक धुतलेला, एक कोरडा. सुताच्या कपड्यात पाणी मुरतं, सिंथेटिक धाग्यात फारसं मुरत नाही, त्यामुळे काकूंचा ड्रेस पिळून पंख्याखाली टाकला की लवकर वाळतो. हे ज्ञान काकांच्या डायरीतही होतं, पान 14 वर. पण ते लिहिणाऱ्याने सोबत आणले होते सुती टी-शर्ट अकरा आणि जीन्स दोन. कर्जतच्या जुलैत जीन्स धुणं म्हणजे मुदत ठेव ठेवण्यासारखं आहे. हातात पडायला वेळ लागतो.

इकडचा पाऊस लोणावळ्याहून फोटो काढून परत जाणाऱ्यांना कळायचा नाही. ढग सह्याद्रीच्या भिंतीला येऊन थडकतात आणि जे काही आणलेलं असतं ते आमच्यावर रिकामं करतात. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे. एका जागी साठवला तर घराचा खालचा मजला बुडेल. कर्जत भिजलं की चौक भिजतं, खालापूर भिजतं, खोपोली तर आधीच भिजलेली असते. अशा हवेत बंद गाडीत दोन माणसं रात्रभर श्वास सोडतात, ती वाफ गार पत्र्यावर दवासारखी धरते आणि पत्र्याला टेकलेल्या पिशवीत उतरते. तिसऱ्या दिवशी काकांच्या निळ्या पिशवीतून कुबट वास आला. पाचव्या दिवशी खाकी हाफ पँटवर भुरा चढला. चेन घट्ट लावून त्यांनी बाहेरची ओल बाहेर ठेवली होती, पण आतली आतच कोंडली होती.

काकांनी उपाय सुरू केले. आधी डांबराच्या गोळ्या आणून सहाही खणांत टाकल्या. ज्या कपाटात गोळ्या टाकल्या त्याच कपाटात आपण झोपतो, हे त्यांच्या लक्षात रात्री दोन वाजता आलं. दोघंही डोकं धरून आमच्या ओटीवर आले. मग बुटांच्या खोक्यांत मिळणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या. नातेवाइकांना फोन करून पुड्या जमवल्या. त्या पुड्यांनी दोन दिवसांत जमेल तेवढी ओल पिऊन घेतली आणि कर्जतपुढे हात टेकले. शेवटचा उपाय मात्र शहाणपणाचा होता. कपड्यांना वारा लागावा म्हणून काकांनी पलंगाच्या फळीला ड्रिलने रुपयाएवढी गोल भोकं पाडली, चांगली चाळीसेक. ही भोकं लक्षात ठेवा.

ऑगस्टात खालापूर तालुक्यातल्या महडजवळ त्यांच्या भाचीचा साखरपुडा होता. आधी वरदविनायकाचं दर्शन, मग हॉल. काकांचा रेशमी झब्बा गुंडाळून गुंडाळून कोबीच्या पानासारखा झाला होता. गाडीत इस्त्री नाही. पण काका जुन्या पिढीचे, गादीखाली पँट ठेवून कडक घडी पाडलेल्या पिढीचे. त्यांनी झब्ब्यावर पाणी शिंपडलं, तो फळीवर नीट पसरला, वर गादी टाकली आणि रात्रभर त्यावर झोपले. सकाळी झब्बा निघाला तो खरोखर सपाट. फक्त पाठीवर चाळीस गोल ठसे उमटले होते. काका हॉलमध्ये शिरले तेव्हा वरमाईने पाठीवरून हात फिरवून विचारलं, “ही नवीन बुट्टी का हो? कुठून घेतलात?” काकांनी सांगितलं, “कर्जत.”

त्यानंतर माथेरान. माथेरानला मोटार वर जात नाही, दस्तुरी नाक्यावर थांबते. हे आम्ही त्यांना सांगितलं होतं, पण काकांना वाटलं, नियम मोटारींना आहे, घरांना नसावा. नाक्यावर गाडी उभी करून ‘वर काय न्यायचं’ यावर दोन तास विचार झाला. धुकं असेल म्हणून हिरवी, पाऊस असेल म्हणून पिवळी, ऊन पडलंच तर निळी, झोपायचं आहेच म्हणून करडी. आणीबाणी तर कुठेही येऊ शकते, म्हणून लाल. शेवटी एक घोडा केला. घोड्यावर कपडे बसले आणि काका-काकू तांबड्या चिखलातून त्याच्यामागून चालत गेले. गाशा म्हणजे मुळात घोड्याच्या खोगिरावर घालायचं कापड. गाशा गुंडाळायचा तो तिथून. काकांचा गाशा त्या दिवशी आपल्या मूळ जागी जाऊन पोचला. वर धो धो पाऊस होता. दोघं लॉजच्या खोलीतून बाहेर पडलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी पाचही पिशव्या न उघडता घोड्यावरून खाली आल्या.

तरी काका दमत नाहीत हे सांगितलं पाहिजे. दर पंधरा दिवसांनी गाडी दारात येते, नवीन शोध घेऊन. कधी उशीच्या अभ्र्यात कापसाऐवजी स्वेटर भरलेले असतात, कधी छताला जाळी बांधून तिच्यात टॉवेल ठेवलेले असतात. एकदा ती जाळी राजमाचीच्या वाटेवरच्या कोंदिवड्याजवळ सुटली आणि धक्क्यासरशी सगळे टॉवेल गाडी चालवणाऱ्या काकांच्या डोक्यावर आले. “टर्किश बाथ,” काका म्हणाले. घर, कपाट, बिऱ्हाड, पसारा यांतून आपण कसे सुटलो, हे ते आमच्या झोपाळ्यावर बसून तासभर सांगू शकतात. तेवढ्या वेळात काकू आमच्या ओटीवरची दांडी काठीने खाली घेतात, अकरा टी-शर्ट आणि दोन जीन्स वाळत घालतात आणि दांडी पुन्हा वर सरकवतात. आमचे कपडे तेव्हा स्वयंपाकघरात, चुलीच्या कडेला.

एकदा न राहवून मी काकूंना विचारलं, “काकू, त्या लाल पिशवीत आहे तरी काय?”

काकूंनी झोपाळ्याकडे पाहिलं. काका आईला खणांचं नवीन वर्गीकरण समजावत होते. काकू हळूच म्हणाल्या, “पांढरा शर्ट, काळी पँट आणि टाय. बँकेतून अचानक बोलावणं आलं तर?”

“निवृत्त झाले ना दोन वर्षांपूर्वी?”

“झाले की. पण त्यांना अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही. मीही नाही सांगत. तेवढी एक पिशवी जड होत नाही.”

तेव्हापासून मी गुंडाळीकाकांना हसायचं थोडं कमी केलंय. शर्टाची सुरळी महिन्याभरात जमते. ‘एखादवेळी लागला तर’ याची सुरळी मात्र कुणालाच करता येत नाही. ती आमच्याही माळ्यावर दोन ट्रंका भरून आहे. काकांनी निदान ती एका पिशवीत बसवून दाखवली.

आणि दोरीचं म्हणाल, तर परवा आईने माणूस बोलावून ओटीला दुसरी दांडी बसवून घेतली. एक आमची, एक त्यांची. काकांनी लगेच डायरी काढून लिहिलं, ‘खण 7, दहिवली, ओटी.’

तेव्हा वाचकहो, तुम्हीही व्हॅन करणार असाल तर जरूर करा. कपडे गुंडाळा, घड्या घाला, हवं तर उशीत भरा, सगळं जमेल. फक्त पावसाळ्यात घाटाखाली येण्याआधी एक घर हेरून ठेवा, ज्याच्या ओटीवर दांडी रिकामी आहे. आमच्याकडे विचारू नका. आमच्या दोन्ही भरल्या आहेत.