आखूडशिंगी स्की

बर्फावर माणसाची पत त्याच्या पायाखालच्या लांबीवर ठरते. हे कुठे लिहिलेलं नाही, पण लिफ्टच्या रांगेत उभं राहिलं की आपोआप कळतं. जागतिक स्पर्धांत डाउनहिल उतरणाऱ्या पुरुषांची स्की किमान २१८ सेंटिमीटरची लागते, स्लॅलमवाल्यांची १६५ची. माझी १७२. फार मोठा तीर मारलाय असं नाही, पण ती जोडी खांद्यावर टाकून स्वित्झर्लंडमधल्या एंगेलबर्गच्या रस्त्यानं निघालो की टिटलिस शिखर बघायला आलेली आपली टूरवाली मंडळी अदबीनं बाजूला होतात. आपण अशा वेळी समोरच्या डोंगराकडे बघत चालायचं असतं.

एप्रिलमध्ये मात्र दुपारचा बर्फ मऊ पडला की या लांबीचं करायचं काय, हा प्रश्न पडतो. म्हणून स्नोब्लेड्स, म्हणजे आखूड स्की. भाड्याच्या दुकानातल्या माणसानं त्या खालच्या फळीवरून, मुलांच्या हेल्मेटांमागून काढल्या. लांबी ९९ सेंटिमीटर. दोन्ही टोकं वर वळलेली, त्यामुळे पुढचं कुठलं नि मागचं कुठलं हे बूट अडकवायचं बाइंडिंग बघूनच ठरवायचं. मी काठ्यांकडे हात नेला, तर त्यानं मान हलवली. यावर काठ्या घेत नाहीत. बाइंडिंग मात्र मी हट्टानं सुटणारं मागून घेतलं. जुन्या स्नोब्लेड्सचं बाइंडिंग पडलं तरी सुटत नसे. स्की आखूड असल्यानं गुडघ्याला पीळ कमी बसतो, पण बूट अडकलेलाच राहतो. म्हणजे गुडघा वाचतो आणि नडगी जाते. माझा दोन्हींवर जीव आहे.

या प्रकाराला थोडा इतिहासही आहे. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ऑस्ट्रियाच्या क्नाइस्लनं ‘बिगफूट’ नावाची टीचभर स्की काढली. तिच्या टोकाला चक्क पायाची पाच बोटं होती. पुढे फ्रान्सच्या सॅलोमननं ‘स्नोब्लेड’ हे नाव रूढ केलं. दशक संपता संपता हा खेळ हिवाळी एक्स गेम्समध्येही होता. मग त्याच सॅलोमननं दोन्हीकडून वळलेली टोकं लांब स्कीला बसवली, उड्या मारणारी पोरं तिकडे पळाली आणि आखूडवाले खालच्या फळीवर गेले.

टिटलिसची शेवटची केबलकार चढता चढता स्वतःभोवती फिरते. ३,००० मीटरवर पोचलो तर गच्चीवर शाहरुख-काजोलच्या कटआउटपाशी नेहमीची रांग. माकडटोपी घातलेल्या एका काकांनी माझ्या काखेतला ऐवज न्याहाळला.

“मराठी ना तुम्ही? मग विचारतो. या अशाच असतात, की मोडल्यात?”

“अशाच असतात, काका.”

“मग भाडं निम्मं घेतलं असेल.”

“नाही हो. जवळजवळ तेवढंच.”

“बघा!” काका काकूंकडे वळून म्हणाले. इथल्या कॉफीच्या दरानंतर त्यांना हा दुसरा पुरावा मिळाला होता.

हिमनदीवरचा वरचा उतार तसा सौम्य आहे. मी तिथे लांब स्कीवर गाणं गुणगुणत उतरतो. पण स्कीइंगमध्ये वर्षानुवर्षं एकच गोष्ट घोटून घेतलेली असते: पुढे झुका. नडगी बुटाच्या जिभेवर रेटा, वजन पुढे द्या. चवड्यापुढे दीड हात स्की असते, ती सांभाळून घेते. स्नोब्लेडला चवड्यापुढे उरते जेमतेम दीड वीत. मी सवयीनं पुढे झुकलो आणि झुकतच गेलो. उठून घाबरून मागे रेललो, तर मागेही दीडच वीत. शेजारून स्कीवर कालपरवा उभी राहिलेली एक मुलगी तसल्याच ब्लेड्सवर मजेत निघून गेली. तिला पुढे झुकायला अजून कोणी शिकवलं नव्हतं.

त्यात डोक्यावरून ‘आइस फ्लायर’ जाते. ही उघड्या खुर्च्यांची लिफ्ट टूरवाल्यांना हिमनदीच्या भेगा दाखवत खाली नेते. त्या दिवशी भेगांकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

“गेला, गेला... पडला!”

“अहो, त्यांना काठ्या घ्यायला सांगा ना कोणीतरी.”

काठ्यांचाच घोळ होता. रिकामे हात हवेत काहीतरी शोधत होते आणि त्यांच्यामागे खांदे, खांद्यांमागे कंबर, असं सगळं घराणं हलत होतं. शेवटी वैतागून मी दोन्ही हात कमरेवर ठेवले आणि विठोबासारखा समचरण, ताठ उभा राहिलो. वजन आपोआप पावलांच्या मधोमध आलं. गुडघे जरासे कलवले, तर ब्लेड्स जागच्या जागी वळल्या. उजवीकडे कलवले, उजवीकडे. लांब स्कीला जेवढ्या जागेत वळायचा विचार करायला लागतो, तेवढ्यात माझी तीन वळणं झाली. एक गिरकी न ठरवता लागली आणि मी पाठमोरा उतरायला लागलो. तेही जमत होतं!

“अगं, तो बघ पांडुरंग!” वरून काकूंचा आवाज आला. मागून खुर्चीभर हशा. मी एक हात सोडून आशीर्वाद दिला आणि तेवढ्यानं तोल जाऊन बसलो.

वेगाचं मात्र नाव काढू नये. सरळ सोडलं की दोन्ही पाय थरथरतात आणि दातही. खाली ट्रुब्जे तळ्याजवळ सपाटी लागते, तिथे तर अब्रूच जाते. लांब स्कीवाले वेग साठवून गुडघे दुमडून सुळकन निघून जातात. माझा वेग सपाटी दिसताच संपला, ढकलायला काठ्या नाहीत. फेंगडे पाय टाकत निघालो. बाजूला एक स्नोबोर्डवाला बोर्ड काखेत मारून चालत होता. अशा लोकांकडे मी आजवर लिफ्टमधून कीव करून बघत आलो आहे. तो माझ्या पायांकडे बघून हसला. “निदान तुझ्या काढायला सोप्या आहेत,” म्हणाला. मी काढल्या आणि त्याच्याबरोबर चालायला लागलो.

संध्याकाळी दुकानदारानं काही न विचारता पावतीवर उद्याची तारीख टाकली आणि मीही मुकाट्यानं पाकीट काढलं. १७२ची जोडी मात्र गाडीच्या टपावर तशीच बांधलेली ठेवली आहे. घरी पोचल्यावर शेजाऱ्यांना दिसायला नको?