झुकिनीचा विसर्ग

झुकिनीच्या 100 ग्रॅममध्ये 95 ग्रॅमच्या आसपास पाणी असतं, हे मी वाचलेलं होतं. ते सगळं एकदम बाहेर पडू शकतं, हे मात्र झुकिनीनेच मला दाखवून दिलं, तेही रविवारी, जेवणाच्या टेबलावर, सासऱ्यांच्या ताटात. आणि सासरे माझे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. उभा जन्म पाणी अडवण्यात गेलेला माणूस!

त्याचं काय झालं, रविवारी रात्री पास्ता ही प्रथा आमच्या घरात लेकीने आणली आणि मी ती निष्ठेने पुढे चालवली. व्हाइट सॉस, वर चीज, आणि शेवटी प्लेट पुसून घ्यायला पावाचा तुकडा. मग रक्तातल्या साखरेचं मागच्या दोन-तीन महिन्यांचं खातं उघडून दाखवणारी ती एचबीएवनसी नावाची तपासणी झाली, आकडा 6.2 आला, आणि डॉक्टर म्हणाले, "काठावर आहात." लेकीने लगेच मोबाइलवर हिशेब मांडला: शिजलेल्या पास्त्याच्या 100 ग्रॅममध्ये कर्बोदकं सुमारे 31 ग्रॅम, तेवढ्याच झुकिनीत जेमतेम 3. ज्याने बँकेतली सगळी नोकरी पाव-पाव टक्क्याचे चढउतार बघण्यात घालवली, त्याला दहापट हा शब्द ऐकून काय होतं, हे तुम्हाला कळणार नाही. एका प्लेटीच्या जागी आता दहा प्लेटी खाता येतील, असा मी त्याचा सरळ अर्थ लावला. "अहो, निम्मं खा, एवढाच अर्थ आहे त्याचा," असं बायको म्हणाली, पण तिला हिशेबातलं काय कळतंय!

ती गणिताची शिक्षिका आहे.

तर ऑनलाइन स्पायरलायझर मागवला. हे यंत्र म्हणजे पेन्सिलीला टोक काढायचं शार्पनर, फक्त पेन्सिलीच्या जागी भाजी. झुकिनी आत खुपसायची, फिरवायची, की दुसऱ्या बाजूने हिरवट शेवया पडू लागतात. पडू लागतात म्हणजे काय, पडतच राहतात! मध्ये कुठे तोडायचं असतं हे माहितीपत्रकात असेलही, पण ते मी डब्याबरोबर रद्दीत टाकलेलं. त्यामुळे एकच्या एक शेवई परातीतून ओट्यावर, ओट्यावरून माझ्या सदऱ्याच्या खिशाला वळसा घालून खाली फरशीवर उतरली, आणि ती गुंडाळून घ्यावी म्हणून मी वाकलो तेव्हा लेकीने फोटो काढला. तो आमच्या घरच्या ग्रुपवर आहे. खाली मेहुणीने 'राखी पौर्णिमेला अवकाश आहे, भावजी' असं लिहिलंय.

खरी गंमत पुढेच आहे. पास्ता आणि भाजी यांचे स्वभावच एकमेकांच्या उलटे. पास्ता ड्युरम गव्हाच्या रव्याचा. इटलीत तर सुका पास्ता त्याच रव्याचा असला पाहिजे असा 1967 साली कायदाच केलाय. या गव्हात प्रथिनं भरपूर. आपल्याकडचा बन्सी गहू त्याच कुळातला, आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने काढलेल्या एमएसीएस 4028 या वाणात प्रथिनांचं प्रमाण 14.7 टक्क्यांच्या आसपास आहे. ती प्रथिनं आतलं पिष्ट घट्ट धरून ठेवतात, पिष्ट फुगत जातं, आणि उकळत्या पातेल्यातला पास्ता पाणी पिऊन वजनाने दुप्पट होतो. म्हणजे पास्ता पाणी घेतो. भाजी देते. तिच्या पेशी उष्णतेने फुटतात, आणि त्यावर मीठ पडलं की मग विचारूच नका. म्हणून जाणती माणसं झुकिनीला आधी मीठ लावून ठेवतात, सुटलेलं पाणी पिळून टाकतात, मोठ्या आचेवर, उघड्या कढईत, मिनिट-दोन मिनिटं परततात आणि लगेच वाढतात.

मी शेवया पातेल्यात घातल्या, मीठ टाकलं, आणि आमच्या आईच्या हाताखाली शिकलेलं एकमेव पाकशास्त्र आठवून वर झाकण ठेवलं. मंद आचेवर. दणदणीत वाफ येऊ दिली.

वाढताना तसं सगळं सुरेख दिसत होतं, हे सासूबाईंनीही मान्य केलंय. वर लाल टोमॅटो सॉस, त्यावर किसलेलं चीज, बाजूला तुळशीची पानं (बेसिल मिळालं नव्हतं). सासऱ्यांनी काटा घातला. काट्याला शेवया लागल्या नाहीत, पण ताटाच्या कडेकडेने एक गुलाबी ओहोळ निघाला, पापडाला भिजवून लोणच्याकडे वळला, आणि आम्ही सगळे गप्प बसून त्याची वाटचाल बघत राहिलो. सासऱ्यांनी चष्मा पुसला. मग ताट किंचित तिरपं करून, अंदाज घेत, निवृत्तीनंतर प्रथमच असावं अशा आवाजात म्हणाले, "जावईबापू, नदीकाठच्या गावांना कळवलंत का?"

शहाणा माणूस इथे थांबला असता. पण यंत्र घरात होतं आणि त्याचे पैसे मी दिलेले होते. बायकोने सुचवलं की एवढी महाग परदेशी भाजी पाणीच सोडणार असेल, तर आपला दुधी काय वाईट! दुधीत पाणी झुकिनीहून किंचित जास्तच निघालं. गाजराच्या शेवया चांगल्या ताठ झाल्या, पण सॉसखाली कितीही दडवल्या तरी त्या गोडसर लागायच्या आणि प्रत्येक घासाला हलव्याची आठवण यायची, जी काठावरच्या माणसाला परवडत नाही. मग मला वाटलं, पाणी कमी असलेली, घट्ट, मातीतली भाजी हवी. मी सुरण आणला.

सुरणाच्या अंगात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, म्हणून आपल्या बायका हाताला तेल लावून तो चिरतात आणि चिंच किंवा कोकम घालून शिजवतात. यंत्रात मात्र तो उघड्या हाताने, दाबून, जोर लावून फिरवावा लागतो. पुढचा तासभर मी दोन्ही हात चिंचेच्या कोळात बुडवून बसलो होतो आणि कुरियरवाल्याने दारात सही मागितली. शेवया मात्र एक नंबर झाल्या! तुटल्या नाहीत, गळल्या नाहीत, काट्याला नीट गुंडाळल्या गेल्या. मी आनंदाने ओरडलो. लेकीने मोबाइल बघून सांगितलं की त्या तुटत नाहीत, कारण सुरणात पिष्ट भरपूर असतं. म्हणजे पास्त्यातून जे काढायला निघालो, ते असलं तरच भाजीचा पास्ता होतो.

न्यू जर्सीच्या चुलतभावाने फोनवर उपाय सांगितला: स्पॅगेटी स्क्वॉश. हा एक पिवळा भोपळा. भाजला की आतला गर आपोआप तंतूतंतूंनी सुटतो, आणि तंतू आत गोल फिरलेले असल्यामुळे लांब हवे असतील तर फळ उभं नाही, आडवं कापायचं. हे ऐकून मला 1957 च्या 1 एप्रिलला बीबीसीने 'पॅनोरमा' कार्यक्रमात दाखवलेली ती बातमी आठवली. स्वित्झर्लंडमधलं एक कुटुंब झाडावरून स्पॅगेटी तोडतंय, आणि रिचर्ड डिम्बलबी अतिशय गंभीर आवाजात यंदाचं पीक चांगलं आल्याचं सांगतायत! नंतर कितीतरी लोकांनी फोन करून हे झाड लावायचं कसं, ते विचारलं म्हणे. त्या लोकांना मी आता हसत नाही. चुलतभावाचा फोन ठेवून मी थेट मंडईत गेलो.

स्पॅगेटी स्क्वॉश तिथे नव्हता. लाल भोपळा होता. "हा पण आडवाच कापा," असं मी सांगितल्यावर भाजीवाल्या मावशींनी एकदा माझ्याकडे आणि एकदा सुरीकडे पाहिलं, पण कापून दिला. घरी येऊन तो कुकरला लावला, शिट्ट्या मोजल्या, झाकण उघडून काट्याने तंतू सोडवायला गेलो, तर तंतू कुठले! नुसता केशरी लगदा.

सासूबाई मागेच उभ्या होत्या. काही न बोलता त्यांनी पातेलं माझ्या हातातून काढून घेतलं, त्यात गूळ विरघळवला, वेलदोडा कुटून टाकला, मावेल तेवढी कणीक मळली आणि कढईत तेल तापत ठेवलं. घारगे असे टम्म फुगले की सासरे खुर्ची ओढून स्वयंपाकघरातच येऊन बसले. मी एक उचलला, मग तूप लावून दुसरा, मग तो कडेला थोडा जास्त खरपूस झालेला, जो कोणीच घेत नव्हतं. चौथ्याला बायकोने नुसतं माझ्याकडे बघितलं.

"असू दे गं," सासूबाई म्हणाल्या, "साखर नाही त्यात, गूळ आहे."