लोहपुरुष, पण कोपर वाकेना

चिखलीच्या आमच्या भाच्यानं ऐन उन्हाळ्याच्या सुट्टीत 'आयर्न मॅन' व्हायचं ठरवलं. 2008 च्या सिनेमात टोनी स्टार्क गुहेत बसून भंगारातून पहिलं चिलखत ठोकतो. भाच्याला गुहेऐवजी माळा मिळाला आणि भंगाराऐवजी फोमची चटई. अख्ख्या लोहपुरुषात लोखंड म्हणाल तर पट्ट्यांची चार बकलं.

कृती सोपी. फोम कापायचा, गरम करून वाकवायचा, चपला चिकटवायच्या पिवळ्या सोल्युशननं जोडायचा, वर लाल-सोनेरी रंग. हीट गन नव्हती, म्हणून ताईची इस्त्री घेतली. फोम इस्त्रीला चिकटला, मग इस्त्री साडीला. साडी अजून पुरावा म्हणून ठेवलेली आहे.

पोशाख चढवायला दोन माणसं आणि पाऊण तास लागला. चढल्यावर कळलं, कोपर वाकतच नाही! जगाचा तारणहार भर मे महिन्यात घामानं निथळत, नाकावरची माशी हाकलायला आजीला हाका मारत होता. आजीनं मुखवट्याची झडप वर धरली, वरण-भाताचा घास कोंबला आणि म्हणाली, "आधी जेवून घे, मंग वाचव जग."

तसं आमच्या बुलढाणा जिल्ह्याला चिलखताचं अप्रूप नाही. सिंदखेडराजा इथलंच. तिथं जन्मलेल्या जिजाऊंच्या लेकानं 10 नोव्हेंबर 1659 रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी चिलखत घातलं होतं, तेही अंगरख्याच्या आत, कुणाला दिसू नये म्हणून. आणि त्यांचे हात व्यवस्थित चालले.