जिंकलात, पण खेळलात कुठे?

'जिंकलो ना? मग तोंड कशाला वाकडं?' संघ कसाबसा जिंकला आणि चाहत्याने नाराजी दाखवली, की हा प्रश्न त्याच्या अंगावर येतो. कधी प्रशिक्षक विचारतो, कधी संघटनेचा पदाधिकारी, तर कधी दुसऱ्या दिवशी पेपरात निकाल वाचून फुटबॉलवर बोलणारा मित्र. अपेक्षा एकच. चाहत्याने गुण मोजावेत आणि गप्प बसावं.

का बसावं? हरल्यावर चिडायला फुटबॉल कळावा लागत नाही. दोन आकडे वाचता आले की पुरे. जिंकल्यावर चिडायचं तर नव्वद मिनिटं डोळे उघडे ठेवून सामना पाहिलेला असावा लागतो. पास कुठे अडकला, कोण जागा सोडून भरकटला, कोणाला उगाच बाकावर बसवून ठेवलं, हे दिसावं लागतं. विजयानंतर कुरकुरणारा माणूस संघाचा शत्रू नसतो. त्याने सामना पाहिलेला असतो, एवढाच त्याचा गुन्हा.

इंग्लंडचंच घ्या. जर्मनीतल्या २०२४च्या युरो स्पर्धेत इंग्लंडचे चाहते जिंकूनही महिनाभर धुसफुसत होते आणि सगळे त्यांना कृतघ्न म्हणत होते. ३० जूनला गेल्सनकिर्शनमध्ये बाद फेरीचा पहिला सामना झाला. समोर स्लोव्हाकिया. २५व्या मिनिटाला इव्हान श्रान्झने गोल केला आणि पुढचा तासभर इंग्लंडचा संघ चेंडू आडवा फिरवत राहिला. वॉकरकडून स्टोन्सकडे, स्टोन्सकडून गुएहीकडे, गुएहीकडून ट्रिपियरकडे आणि परत मागे. ट्रिपियर उजव्या पायाचा, त्याला लावलेलं डाव्या बगलेला, कारण संघात घेतलेला डावा बचावपटू ल्यूक शॉ फेब्रुवारीपासून दुखापतीमुळे मैदानाबाहेर. चेंडू आला की ट्रिपियर तो उजव्या पायावर घ्यायला आत वळायचा आणि तेवढ्या वेळात स्लोव्हाकियाची अख्खी फळी जागेवर येऊन उभी राहायची. डाव्या बाजूला ठेवलेला फोडेन तिथे न थांबता मधे घुसायचा. मधे आधीच बेलिंगहॅम. हॅरी केन चेंडू मिळेना म्हणून मागे यायचा आणि मग पुढे कोणीच उरायचं नाही. मध्यंतराला इंग्लंडच्याच प्रेक्षकांनी हुर्यो केली. योग्य केलं.

पंचाण्णवाव्या मिनिटाला वॉकरने लांब थ्रो टाकला, गुएहीने डोक्याने तो पुढे सरकवला आणि जूड बेलिंगहॅमने हवेत पाठमोरी उडी घेत चेंडू जाळ्यात मारला. आदल्याच दिवशी तो एकवीस वर्षांचा झाला होता. गोल अप्रतिम होता, त्याबद्दल वाद नाही. पण फोडेनचा गोल ऑफसाइड ठरला होता आणि राइसचा फटका खांबाला लागला होता. लक्ष्यावर गेलेला, हिशेबात धरला जाणारा इंग्लंडचा सामन्यातला पहिला फटका हाच. पंचाण्णवाव्या मिनिटाला! आयव्हन टोनीला मैदानात उतरवलं तेव्हा भरपाईची मिनिटंही सरत आली होती. जादा वेळेच्या पहिल्याच मिनिटाला त्याच टोनीने डोक्याने चेंडू वळवला आणि केनने गोल केला. २-१. म्हणजे ज्याने सामना काढून दिला, तो खेळाडू नव्वद मिनिटं बाकावर होता. हे विचारायचं नाही तर काय विचारायचं?

आणि ही एका संध्याकाळची गोष्ट नव्हती. पहिल्या सामन्यात सर्बियाविरुद्ध १३व्या मिनिटाला बेलिंगहॅमने गोल केला आणि नंतर संघ मागे सरकला. १-० ने जिंकला, पण उत्तरार्धात सर्बिया बरोबरी करणार असं दोन-तीनदा वाटून गेलं. डेन्मार्कविरुद्ध केनने आघाडी मिळवून दिली. पुन्हा तेच, मागे सरकले, बरोबरी झाली. स्लोव्हेनियाविरुद्ध ०-०. तीन सामन्यांत दोन गोल करून इंग्लंड गटात पहिलं आलं. कोलोनमध्ये त्या तिसऱ्या सामन्यानंतर प्रशिक्षक गॅरेथ साउथगेट टाळ्या वाजवत प्रेक्षकांसमोर गेले, तेव्हा त्यांच्या दिशेने प्लास्टिकचे बिअरचे पेले आले. पेले फेकणं चूकच. रागावलेल्या माणसाला बोलायला तोंड आहे, फेकाफेकीची गरज नाही. पण त्या पेल्यांवर चर्चा इतकी रंगली, की रागामागचा प्रश्न बाजूलाच पडला. गटात पहिला आलेला संघ चांगला खेळतोय का?

माजी खेळाडू गॅरी लिनेकर यांनी डेन्मार्कच्या सामन्यानंतर इंग्लंडच्या खेळाला अगदी शेलका शब्द वापरला. त्यावर कर्णधार केनचं उत्तर असं, की माजी खेळाडूंनी बोलताना जबाबदारी ओळखावी, त्यांच्या काळातही देशाने काही जिंकलं नव्हतं. केन मोठा खेळाडू आहे, त्याच मोसमात जर्मनीच्या लीगमध्ये त्याने ३६ गोल केले होते. पण हे उत्तर फार तोकडं होतं. ज्याने कप जिंकला नाही त्याला चुकलेला पास दिसत नाही, असा नियम कुठे आहे? तो लावला तर १९६६ नंतरच्या एकाही इंग्लिश खेळाडूला तोंड उघडता येणार नाही.

निकालवाद्यांच्या हातात एक भक्कम दाखला आहे, तोही पाहू. २०१६च्या युरोमध्ये पोर्तुगालने गटातले तिन्ही सामने बरोबरीत सोडवले, तिसऱ्या क्रमांकावरून पुढे गेले. अख्ख्या स्पर्धेत नव्वद मिनिटांत त्यांनी एकच सामना जिंकला, वेल्सविरुद्धचा. आणि अंतिम सामन्यात जादा वेळेत एडरने गोल केला आणि कप घरी नेला. ग्रीसने २००४ मध्ये बाद फेरीचे तिन्ही सामने १-० ने जिंकून युरोप जिंकला. मग सुंदर खेळाचा हट्ट कशाला?

हट्ट सुंदर खेळाचा नाहीच. ग्रीसचा खेळ नेत्रसुखद नव्हता, पण प्रत्येकाला आपलं काम माहीत होतं. कोणाच्या अंगाला चिकटायचं, कॉर्नरवर कोणी उडी घ्यायची, सगळं ठरलेलं. प्रशिक्षक ऑटो रेहागेल यांनी हाताशी होते त्या खेळाडूंतून निघेल तेवढं सगळं काढलं. इंग्लंडकडे २०२४च्या उन्हाळ्यात प्रीमियर लीगचा सर्वोत्तम खेळाडू फोडेन होता, रेआल माद्रिदकडून युरोपियन चषक जिंकून आलेला बेलिंगहॅम होता, केन होता, साका होता, बाकावर पामर. आणि दिसत काय होतं? एकमेकांच्या पायात येणारी माणसं. चाहत्याचा राग या अंतरावर असतो. आहे काय आणि दिसतंय काय.

साउथगेट यांच्याबद्दल एक गोष्ट मोकळेपणाने मान्य करायला हवी, कारण माझा मुद्दा तिनेच पक्का होतो. १९९६च्या युरोत उपांत्य सामन्यात त्यांचीच पेनल्टी हुकली आणि इंग्लंड बाहेर पडलं. तो माणूस प्रशिक्षक झाल्यावर पेनल्टीला नशीब म्हणायचं बंद झालं. सराव झाला, क्रम ठरला, प्रतिस्पर्ध्यांचा अभ्यास झाला. २०१८ मध्ये कोलंबियाला हरवून इंग्लंडने विश्वचषकात पहिल्यांदा पेनल्टी शूटआउट जिंकलं. २०२४ मध्ये स्वित्झर्लंडविरुद्ध गोलरक्षक पिकफर्डच्या पाण्याच्या बाटलीवर स्विस खेळाडूंची नावं आणि कोणासाठी कुठल्या बाजूला झेप घ्यायची, हे लिहून चिकटवलेलं होतं. आकांजीसमोर डावीकडे. पिकफर्ड डावीकडे झेपावला, चेंडू अडवला. इंग्लंडच्या पाचही जणांनी गोल केले, ५-३. तयारी होती, ती दिसली. डाव्या बगलेची तयारी नव्हती, तीही दिसली. चाहते पहिल्या दिवसापासून हेच तर सांगत होते.

मग नेदरलँड्सविरुद्ध वॉटकिन्सने नव्वद मिनिटं होता होता गोल मारला, संघ बर्लिनला अंतिम फेरीत पोहोचला आणि 'आता बोला' सुरू झालं. चाहत्यांना माफी मागायला सांगण्यापर्यंत मजल गेली. १४ जुलैला उत्तर मिळालं. स्पेनने उत्तरार्धाच्या सुरुवातीलाच आघाडी घेतली. ७३व्या मिनिटाला बदली म्हणून आलेल्या पामरने बरोबरी साधली आणि इंग्लंड पुन्हा मागे सरकलं. चेंडू स्पेनच्या पायात गेला, तो ८६व्या मिनिटाला ओयार्झाबालने गोल करेपर्यंत तिथेच राहिला.

हिशेब सरळ आहे. स्पेन सातपैकी सात सामने जिंकलं, १५ गोल केले. इंग्लंडने सात सामन्यांत ८ गोल केले आणि नव्वद मिनिटांत जिंकले फक्त दोन सामने. बाद फेरीच्या चारही सामन्यांत पहिला गोल समोरच्या संघाचा. तीनदा कोणाच्या तरी वैयक्तिक करामतीने वाचले, चौथ्यांदा करामत अपुरी पडली. दोन दिवसांनी साउथगेट यांनी पद सोडलं. ज्या चाहत्यांना महिनाभर कृतघ्न म्हटलं गेलं, त्यांनी आजाराचं नाव पहिल्याच सामन्यात सांगितलं होतं.

आता आपल्याकडे येऊ, कारण इंग्लंडच्या चाहत्यांची बाजू घेण्यामागे माझा एक स्वार्थ आहे. आपल्याकडे ही कुरकुर कमी पडते.

१९ मार्च २०२५, शिलाँग. भारताने मालदीवला ३-० ने हरवलं. ४८९ दिवसांनी भारत जिंकला होता. आधीचा विजय नोव्हेंबर २०२३ मधला, कुवेतविरुद्धचा. पहिला गोल आपल्या मुंबईच्या राहुल भेकेचा, कॉर्नरवर डोक्याने. दुसरा गोव्याच्या लिस्टन कुलासोचा. तिसरा सुनील छेत्रीचा, जो निवृत्तीतून परत आला होता, वयाच्या चाळिशीत, आणि हा त्याचा देशासाठी ९५वा गोल. आनंद व्हायलाच हवा होता. मलाही झाला. पण त्याच रात्री मोठ्याने विचारायला हवं होतं, की मालदीवसारख्या छोट्या देशाविरुद्ध घरच्या मैदानावर गोल करायलाही निवृत्त माणसाला परत बोलवावं लागत असेल, तर पुढे काय? चेंडू फिरवून, बचाव फोडून गोल करणारा कोण आहे आपल्याकडे? छेत्रीच्या पुनरागमनाच्या कौतुकात हा प्रश्न वाहून गेला.

सहाच दिवसांनी, त्याच मैदानावर, आशियाई चषकाच्या पात्रता फेरीत बांगलादेशविरुद्ध ०-०. प्रशिक्षक मानोलो मार्केझ स्वतः सामन्यानंतर संतापले होते. जूनमध्ये हाँगकाँगकडून भरपाई वेळेतल्या पेनल्टीवर ०-१. मार्केझ गेले, खालिद जमील आले. सिंगापूरमध्ये १-१. ऑक्टोबरमध्ये गोव्यात, फातोर्ड्याच्या मैदानावर, छांगतेने १४व्या मिनिटाला आघाडी दिली आणि सिंगापूरने दोन गोल करून सामना नेला. २०२७च्या आशियाई चषकाचं दार तिथेच बंद झालं. नोव्हेंबरमध्ये ढाक्यात ०-१, बांगलादेशकडून बावीस वर्षांनी पराभव. पात्रता फेरीचे हे पाच सामने, दोन गोल, विजय शून्य. यातला एकही निकाल आकाशातून पडला नाही. मालदीवविरुद्धच्या ३-० मध्ये तो होता, पाहायचा असता तर दिसला असता.

पाहणारी माणसं आपल्याकडे नाहीत असं नाही. कोल्हापूरला जा. शाहू स्टेडियममध्ये पाटाकडील, दिलबहार, खंडोबा किंवा बालगोपाल यांचा सामना लागला, की गॅलरीत पेठांमधली अशी माणसं भेटतात, ज्यांना आपल्या तालमीच्या संघाचा विजय पुरत नाही. आघाडीवर असतानाही चेंडू उगाच उंच मारला की वरून नावानिशी हाक येते. खेळाडूला ती ऐकू जाते, कारण हाक मारणारा गल्लीतलाच असतो. राष्ट्रीय संघाच्या नशिबी असा प्रेक्षक क्वचित येतो. एकतर ओस स्टेडियम, नाहीतर झेंडा फडकवून घरी जाणारी गर्दी. देशाचा संघ म्हटलं की टीका म्हणजे द्रोह, ही क्रिकेटमधून आलेली सवय फुटबॉलमध्येही शिरली आहे. ती आधी सोडली पाहिजे.

आणि खेळाडूंना शिव्या देणं म्हणजे टीका नव्हे, हेही बजावतो. साकाला २०२१मधल्या युरोच्या अंतिम सामन्यातल्या हुकलेल्या पेनल्टीनंतर वर्णद्वेषी घाणीला तोंड द्यावं लागलं. ते करणारे चाहते नव्हते. मी ज्या नाराजीची बाजू घेतोय तिला पासचा हिशेब माहीत असतो, जागा माहीत असतात, आणि ती खेळाडूच्या आईवर, कातडीवर किंवा धर्मावर जात नाही.

भारत पुढचा सामना जिंकेल तेव्हा जोरात टाळ्या वाजवा. मग तिथेच थांबून विचारा: गोल कॉर्नरवरून आला की खेळातून? शेवटची वीस मिनिटं आपण पुढे होतो की आपल्याच गोलसमोर गोळा झालो होतो? छेत्रीच्या जागेवर कोण उभा राहिला आणि त्याला किती पास मिळाले? कोणी म्हणालं, 'जिंकलो ना?', तर त्याला शिलाँग ते फातोर्डा हे सात महिने दाखवा.