कालची जखम आज दिसते का?

अमेरिकी मालिका बघायची तर कुठली? शनिवारी रात्री हा प्रश्न घरोघरी पडतो आणि नावं चाळता चाळता ताटातलं जेवण गार होतं. कसोटी एकच लावा. पहिल्या भागात झालेली जखम दहाव्या भागात दिसते का?

दिसत नसेल, तर पुढची मालिका बघा.

‘ग्रेज अ‍ॅनाटॉमी’ घ्या. २००५ पासून सुरू आहे, चारशेवर भाग झाले. सिअ‍ॅटलच्या त्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी रुग्णाच्या शरीरात अडकलेला बॉम्बगोळा पाहिला, फेरीबोटीचा अपघात पाहिला, वॉर्डात गोळीबार पाहिला, विमान कोसळणंही सोसलं. इतकं सोसलेली माणसं पुन्हा तितक्याच उत्साहानं एकमेकांच्या प्रेमात कशी पडतात? सुरुवातीचे दोन-तीन सीझन छान आहेत. तेवढे बघा आणि थांबा.

हॉस्पिटलच्या मालिकांनी एक खोटं तर जगभर पसरवलं आहे. मॉनिटरवरची रेषा सपाट होते, डॉक्टर विजेचा झटका देतो, रुग्ण डोळे उघडतो. सपाट रेषेवर त्या झटक्याचा उपयोग नसतो. तिथे छाती दाबत राहायची असते, औषध द्यायचं असतं.

‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये १९९६ साली टीव्हीवरच्या सीपीआरवर, म्हणजे अशा छाती दाबण्यावर, एक अभ्यास छापून आला. ‘ईआर’, ‘शिकागो होप’ आणि ‘रेस्क्यू ९११’ या तीन कार्यक्रमांत सीपीआर दिलेले ७५ टक्के रुग्ण त्या क्षणी वाचत होते. प्रत्यक्षात हे प्रमाण कितीतरी कमी असतं. हा फरक कुणाला भोगावा लागतो? आयसीयूच्या दाराशी येऊन नातेवाइकांना खरं सांगणाऱ्या डॉक्टरला.

तरीही ‘ईआर’ बघाच. मायकेल क्रायटननं ती रचली आणि तो स्वतः हार्वर्डमधून डॉक्टर झालेला होता. १९९४ ते २००९, पंधरा सीझन. पहिल्याच सीझनमध्ये डॉ. ग्रीनचं एका गरोदर बाईच्या बाबतीत निदान चुकतं. बाळ वाचतं, आई जाते. ज्याला आपण चांगला डॉक्टर मानत आलो, त्याच्याच हातून हे घडतं. अशी चूक दाखवायला किती मालिका धजावतात?

त्याच ‘ईआर’मधला शिकाऊ डॉक्टर म्हणजे नोआ वायली. तो २०२५ मध्ये ‘द पिट’ घेऊन परतला. पिट्सबर्गमधला इमर्जन्सी विभाग; पहिल्या सीझनमध्ये एकच शिफ्ट, पंधरा तास, पंधरा भाग. रडवायला पार्श्वसंगीत जवळपास नाहीच. वेटिंग रूम तुडुंब, वरच्या मजल्यावर खाटा नाहीत, नर्स कमी आणि व्यवस्थापनाला रुग्णांच्या समाधानाचे गुण वाढवून हवेत.

तासन् तास ताटकळलेला एक रुग्ण शेवटी मुख्य नर्सच्या तोंडावर ठोसा मारतो.

आपल्याकडच्या बातम्या आठवल्या ना? ठोसा मारणारा गुन्हेगार आहेच. पण खाटा कुणी कमी केल्या, हा प्रश्नही मालिका सोडत नाही. आणि कोविडच्या काळात गेलेला गुरू वायलीच्या डॉ. रॉबीच्या मनातून पंधरा तासांत एकदाही पुरता जात नाही. ही झाली जखम दिसणं. मालिकेला २०२५ मध्येच सर्वोत्कृष्ट नाट्यमालिकेचा एमी मिळाला, वायलीलाही मिळाला. योग्य हातात गेले.

आता मारधाड.

‘२४’ सगळ्यांना ठाऊक आहे. अनिल कपूर तिच्या आठव्या सीझनमध्ये होता आणि २०१३ मध्ये त्यानं ती हिंदीतही आणली. एक भाग म्हणजे एक तास, चोवीस भाग म्हणजे एक दिवस. धडधड वाढवण्यात तिचा हात धरणारी मालिका कमीच. पण तिचा नायक जॅक बॉअर संशयिताला छळतो आणि काही मिनिटांत खरी माहिती हाती येते. पुन्हा पुन्हा येते. हे पटतं?

अमेरिकी लष्करालाच पटलं नाही. २००६ मध्ये वेस्ट पॉइंट या लष्करी अकादमीचे डीन ब्रिगेडियर जनरल पॅट्रिक फिनेगन अनुभवी चौकशी अधिकाऱ्यांना घेऊन थेट या मालिकेच्या निर्मात्यांकडे गेले. छळाची दृश्यं कमी करा, आमचे कॅडेट यातून चुकीचं शिकताहेत, असं त्यांचं म्हणणं होतं. युद्ध शिकवणारा माणूस टीव्हीवाल्यांना आवरा म्हणतो, तेव्हा प्रेक्षकानंही सावध व्हावं.

याच्या उलट ‘द शील्ड’. लॉस एंजेलिसचा पोलीस व्हिक मॅकी पहिल्या भागाच्या शेवटी आपल्याच सहकाऱ्याला गोळी घालतो. पुढचे सात सीझन, एकूण ८८ भाग, ती गोळी त्याचा पाठलाग करते. शेवट सांगत नाही. पण मारधाडीची इतकी नेमकी किंमत मोजून घेणारी दुसरी मालिका मला माहीत नाही.

आणि ‘द वायर’? बाल्टिमोरचा माजी बातमीदार डेव्हिड सायमन आणि तिथलाच माजी पोलीस एड बर्न्स यांनी ती घडवली. साठ भागांत अमली पदार्थांचा धंदा, गोदी, महापालिका, शाळा, वर्तमानपत्र, सगळं शहर येतं. एकही एमी मिळाला नाही. लाज एमीवाल्यांना वाटायला हवी.

तेव्हा या शनिवारी ‘द पिट’ सुरू करा, मग ‘द शील्ड’. ‘द वायर’ला शेवटी हात घाला, सबटायटल लावून. पहिले चार भाग जड जातील, कोण कुणाचा माणूस तेच कळणार नाही. तरी सोडू नका, पाचवा लावाच.